खडूची रेघ

पौड, ता. मुळशी
१८ मे १९८४

प्रिय अक्का,
धाकट्या चंद्राचा सप्रेम जयभीम.

सोपानच्या हातून पाठवलेला आंबेमोहर पोचला. दोन दिवस घरभर वास होता. दाजींच्या पायाची ठेच भरली का? इथं विहीर तळाला गेलीय. हे कचेरीतून सुटले की दोन हंडे आणतात. मी आणत नाही, एक हंडा उचलला की पाच मिनिटं उंबऱ्यावर बसावं लागतं. अक्षर मोठं काढलंय. तू चौथीपर्यंतच शिकलीस, तुला वाचायला सोपं जावं म्हणून.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. जूनमध्ये विशूला तुमच्या रिह्याच्या शाळेत घालायची आणि दाजी म्हणतात, बापाचं नाव आनंदा असलं तरी रजिस्टरात माझं नाव, 'विशाखा भिकू' असंच लावू, तीन वर्षं आपणच सांभाळतोय, उगाच चौकशा नकोत. तुझं काय म्हणणं, असं तू विचारलंस. मी सात वर्षं मास्तरीण होते. शाळेत एकदा चढलेलं नाव जन्मभर चिकटतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून उत्तराला उशीर झाला.

नाही अक्का, उशिराचं खरं कारण ते नाही.

फेब्रुवारीत ह्यांनी मला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, मानेतली गाठ काढून तपासायला दिली, एवढं तुला कळवलं होतं. तपासणीत काय निघालं ते तू विचारलंस, तर मी 'तेच जुनं' असं लिहिलं. ते खोटं होतं. मला टीबी नाही. कधीच नव्हता.

रोगाचं नाव सारकॉयडोसिस. डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलं, नाहीतर माझ्या ध्यानात राहिलं नसतं. ते म्हणाले, घरात चोर नसताना पहारेकरी गोळा व्हावेत आणि त्यांनीच घर अडवून बसावं, तसं हे आहे. शरीराचं रक्षण करणारे कण उगाचच जमतात आणि बारीक बारीक गाठी करतात. फुप्फुसात झाल्या की दम लागतो, कोरडा खोकला येतो. माझ्या नडग्यांवर लाल गुठळ्या आल्या होत्या, आठवतं? त्याही ह्याच्याच. का होतं, ते कुणालाच माहीत नाही. छातीचा फोटो पाहिला तर टीबीसारखाच दिसतो. म्हणून मला नव्वद सुया टोचल्या. मी दोष कुणाला देऊ? मी एकच प्रश्न विचारला, हा रोग दुसऱ्याला लागतो का? डॉक्टर म्हणाले, नाही. कुणालाच नाही.

डॉक्टरांनी टीबी सांगितला तेव्हा विशू दोन वर्षांची होती. पोर लांब ठेवा म्हणाले होते. तू तिला न्यायला येईपर्यंत आठ दिवस मी फरशीवर शाळेतल्या खडूनं रेघ ओढली होती. अलीकडे मी, पलीकडे ती. ओलांडली की फटका. लेकीला मी पहिला धडा हा दिला. पुढं तुम्ही भेटायला आलात की मी रेघ ताजी करून ठेवायची. माझी ताटवाटी वेगळी, पाणी वरून ओतून घ्यायचं. आपल्या आजीच्या ओंजळीत लोक असंच लांबून पाणी ओतायचे, सांगताना ती रडायची. ती रीत मी माझ्या हातानं घरात आणली, आणि आणताना स्वतःला शहाणी समजले.

चौदा एप्रिलला तू तिला घेऊन आलीस. त्या सकाळी मी फरशी धुऊन रेघ घालवली होती. आल्या आल्या तिला जवळ घ्यायचं आणि मग तुला सांगायचं, असं ठरवलं होतं. ती दारात थबकली. गोळ्यांनी माझं तोंड असं सुजलंय की आरशात मला मीच परकी वाटते. तिनं खाली पाहिलं. म्हणाली, "मावशे, रेघ कुटं हाय? म्या कुटं उभी ऱ्हाऊ?"

मी म्हटलं, ये की जवळ. तर ती तुझ्या पदरात शिरून रडायला लागली. "न्हाई आये, मला न्हाई जायाचं तितं." तू तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलंस. तुझी दोन बाळं गेली तेव्हा मी तुझ्याजवळ होते. तुझे रिकामे हात मी पाहिलेत.

मी कोनाड्यातला खडू घेतला आणि पुन्हा रेघ ओढली. सगळं माहीत असताना ओढली. विशू लगेच गप्प झाली, शहाण्यासारखी पलीकडे उभी राहिली. जाताना तू म्हणालीस, "चंद्रे, तुज्यावानी काळीज न्हाई कुणाचं." मला तुझा राग आला अक्का, आणि तुझ्यापेक्षा माझा जास्त.

तुमची एसटी गेल्यावर ह्यांनी विचारलं, "रोग लागत न्हाई म्हनला ना डाक्टर? मग कुणासाटी वढलीस रेघ?"  

आता आणखी एक. अक्षर मोठं काढलंय ते तुझ्यासाठी नाही. हा रोग डोळ्यांतही शिरतो. डावा जवळजवळ गेलाय, उजव्यातही सकाळी धुकं असतं. गोळ्यांनी कदाचित थांबेल, कदाचित नाही. फुप्फुसाचंही तसंच सांगतात. अशा बाईकडे पोर कशाला? तुझ्याकडे म्हैस आहे, दूध आहे, दम न लागता तिला कडेवर घेणारी तू आहेस. यातलं काहीच खोटं नाही. तीन महिने मी हेच घोकत होते. 'दाजींचं नाव लावा' असं पत्रही लिहून ठेवलं होतं. काल ते चुलीत घातलं.

मला माझी पोर हवी आहे.

रजिस्टरात 'विशाखा आनंदा' असंच लागेल, आणि ते इथं पौडच्या शाळेत. ती मला घाबरेल, तुझ्या नावानं रडेल, महिनोन्‌महिने रडेल. ते मला ऐकावं लागेल. पण तिचं तोंड मला दिसतंय तोवर मला ते रोज पाहायचंय. तुझ्या घरातून मी काय उचलून नेतेय, हे मला कळत नाही असं समजू नकोस. माफी मागत नाही. तुझ्याच्यानं ती देववणार नाही.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं येतो. तोवर विशूला काही सांगू नकोस. ते माझं काम आहे, मीच करीन.

तुझी धाकटी बहीण,
आणि विशूची आई,
चंद्रकला