परक्या यंत्रावरची वंशावळ

३ मार्च २०२५, सोमवार.
मी, बब्रुवान रामा देवकते, वय ७६, शिक्षण चौथी उत्तीर्ण, धंदा शेती व मेंढरे, राहणार तालुका परंडा, पूर्ण शुद्धीत लिहितो ते असे. बिरोबाच्या यात्रेत पहिला भंडारा उधळण्याचा मान थोरल्या घराचा, म्हणजे माझा. आज चुलतभाऊ बंडप्पा पारावर म्हणाला, दादा, थोरलं घर आमचं हाय. कागद असंल तर दावा की. मी सांगितले, दारोदार वंशावळी सांगत फिरणाऱ्या हेळव्याने म्हणून दाखवलेली सात पिढ्यांची वंशावळ माझ्या संगणकात आहे. रविवारी छापून आणतो. ती म्हणेल ते मान्य. पंचांनी लिहून घेतले.

४ मार्च.
जुना संगणक बंद पडल्याने मुलाने नवा आणला आहे. त्यात लिनक्स. वंशावळीचा प्रोग्राम विंडोजचा. पेन ड्राइव्हमध्ये उतरवून ठेवलेली प्रत उघडू गेलो. काही नाही. सून मोनिका म्हणाली, मामा, हा संगणक त्या प्रोग्रामचं ऐकत न्हाय. मी बजावले, या घरात राहायचे तर ऐकावे लागेल.

५ मार्च.
विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा एक मध्यस्थ प्रोग्राम मोनिकाने उतरवून घेतला. वंशावळ उघडली. अक्षरांच्या जागी चौकोन. आजोबा चौकोन, पणजोबाही चौकोन. हे यश समजावे.

७ मार्च.
मोनिका म्हणते, धाराशिवला जाऊन विंडोजवर छापून आणा. नकार दिला. माझे वाडवडील परक्याच्या दुकानात उघडणार नाहीत. जेवणही नाकारले. पत्नी धुरपदाबाई म्हणाली, तुम्ही उपाशी बसला म्हणून ती पेटी भिणार व्हय? जेवलो. यास माघार म्हणू नये.

८ मार्च, दुपारी ४.
जुना फॉन्ट सापडला. चौकोन गेले, नावे आली. लिनक्स नमले. मोनिका म्हणाली, मामा, एकदा वाचून तर बघा. स्वतःचे आजे-पणजे वाचावे लागत नाहीत. कागद छापताच लखोट्यात घालून खळीने बंद केला.

९ मार्च, रविवार.
पंचांनी लखोटा फोडून मोठ्याने वाचले. बंडप्पाचा पणजा मायाप्पा थोरला भाऊ. माझा पणजा बिराप्पा धाकटा. यंत्राची चूक, असे मी म्हणणार होतो. परंतु तळाशी जुन्या संगणकावर मीच टाकलेली ओळ होती: सर्व नोंदी तपासल्या, बरोबर आहेत, बब्रुवान रामा देवकते. एकही चौकोन नाही.
बंडप्पा म्हणाला, दादा, भंडारा तुमीच उधळा, आमचं काय न्हाय. दयेचा मान मी घेत नाही.
तथापि विंडोजचा प्रोग्राम लिनक्सवर चालतो, हे निर्विवाद सिद्ध झाले.
समक्ष हजर: पंच कुमार, सून मोनिका, आणि थोरल्या घरचे बंडप्पा.