वापिटीची वेसण

॥ श्री ॥

अड्याळ, जि. भंडारा
ता. ८ सप्टेंबर १९८२

चि. यादोरावास वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इकडे पाऊस बरा आहे. धानाची रोवणी आटोपली, बोडी काठोकाठ भरली. लाल गाय व्याली, गोऱ्हा झाला. तुझ्याकडे यंदाही गणपती थाटात बसले असतील. तुझ्या बायकोला आता मोदक वळता येतात का? लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिचा मोदक तुझ्या दादांनी लाडू समजून खाल्ला होता आणि वर लाडू छान झाला म्हणाले होते.

तू विचारतोस, दादा उत्तर का देत नाही, आणि वापिटी विमान कुठवर आलं. आधी वापिटीचं सांगते, कारण तुझ्या अख्ख्या पत्रात तेच आहे. दादाच्या तब्येतीचा एक शब्द नाही.

वापिटी तयार आहे. तू पाठवलेल्या फोटोत विमान एकाच बाजूने दिसत होतं. ह्यांनी विमानाशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या उंचीवरून सगळं माप बसवलं, एका फुटाला अर्धा इंच. धड शिवणीच्या लाकडाचं. वरचे-खालचे पंख पांगाऱ्याचे, कारण पांगारा हलका. पंखांमधले खांब बांबूच्या कामट्यांचे, आणि खांबांमधल्या तारांसाठी माझ्या लग्नाच्या लुगड्याची जर उसवली. हवाई दलात सुतारकाम करताना खऱ्या विमानांवर जे शिकले, तेच हे पडवीत बसून करायचे. आपल्या हवाई दलाचं सगळ्यात पहिलं विमान आता अड्याळात उतरलं आहे, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

वापिटीचं नाकही टोचलं आहे. मामंजींचा नियम तुला माहीत आहे. तान्ह्या पोळ्यासाठी ते पोरांना लाकडाचे नंदी कोरून द्यायचे, आणि वेसणीचं भोक पाडल्याशिवाय एकही नंदी उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. तुझ्या दादांनी विमानांनाही तोच नियम लावला. आणि तू नागपूरला नेलेल्या प्रत्येक विमानाचं ते भोक लांबी भरून, वर रंग मारून बुजवलंस. गावंढळ दिसतं म्हणालास.

तू पहिली चार विमानं नेलीस ते साल त्र्याहत्तर. "वहिनी, आमच्या संस्थेत चार दिवस ठेवतो, मंग परत आणतो." पुढे अड्याळच्या बाजारात मी भजी घेतली, तर तेलकट कागदावर तुझा फोटो. हातात आपलं नॅट विमान, आणि खाली छापलेलं, विमानांचे शिल्पकार श्री. यादोराव. मी तो कागद ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी आधी भजी संपवली, मग कागद वाचला. म्हणाले, "जाऊ दे ना वो. आपलंच लेकरू हाये. कायले मनाले लावून घेऊन राहिली?"

लेकरूच होतास. मी लग्न होऊन आले तेव्हा तू सहावीत होतास. आम्हाला मूल झालं नाही, पण ते तुझ्यामुळे कधी टोचलं नाही. तुझ्या उष्ट्या ताटात मी जेवले आहे, यादो.

मी तरीही पोटात घातलं असतं. पण पुढे तुमच्या संस्थेच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं, आणि ह्यांना वाटलं, न कळवता जाऊन तुला चकित करावं. मी तुझ्यासाठी अनारसे घेतले होते. तू कोण्या साहेबांना काचेची पेटी उघडून दाखवत होतास. हे पुढे झाले आणि डाकोटाची शेपटी जरा कलली होती ती सारखी करायला हात घातला. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "ओ बुवा, हात लावू नका." साहेबांनी विचारलं, हे कोण? तू म्हणालास, "आमच्या गावचे आहेत. सुतारकाम करतात."

हे हसले. साहेबांना नमस्कार केला. परतीच्या एसटीत पवनी येईपर्यंत उजवा हात डाव्या हातात धरून बसले होते. अनारसे मी कंडक्टरला दिले.

तरी तुझी पत्रं येत राहिली आणि हे विमानं करत राहिले. हंटर झालं, व्हॅम्पायर झालं. मी भांडले की म्हणायचे, "नाव त्याचं असो नाही तं माझं, जहाज तं आपल्याच घरचं हाये." ह्यांनी तुला माफ केलं होतं. मी केलं नाही. तो राग माझ्याजवळ जपून होता.

आता दादाचं.

रोवणीच्या दिवसांत ह्यांना कावीळ झाली. गावठी औषध झालं, मग भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून घरी घेऊन जा म्हणाले. अंथरुणातून वापिटीकडे बघत राहायचे. पहिल्याच दिवशी विचारलं, "यादोले सांगतलं का वो?" मी म्हटलं, तार केली. मी तार केली नव्हती. नागपूरची एसटी फाट्यावर हॉर्न द्यायची की मान दाराकडे वळायची. मी रोज बघत होते. तरी मी पोस्टात गेले नाही.

शेवटी म्हणाले, "त्याले काम असन. हवाई जहाज त्यालेच देजो." तुझा दादा गेला, यादो. जुलैच्या अखेरीस गेला. तेराव्याचं जेवणही झालं.

अग्नी द्यायचा तुझा हक्क होता. दुसरं होतं कोण? शेजारच्या गोमाजींनी दिला. लोक तुझी वाट बघत थांबले होते, प्रेत दारात होतं, वरून पाऊस. सगळे विचारत होते, यादोराव कुठे? मी सांगितलं, तार पोचली आहे, येत नाही म्हणतो. गोमाजी बाजूला थुंकले. म्हणाले, "असा भाऊ वैऱ्यालेही नोको." तू नागपुरात नऊ वर्षं एक खोटं चालवलंस, मी गावात एक चालवलं. माझंही तुझ्याइतकंच छान चाललं आहे. ह्यांना ताटकळत ठेवल्याचं पाप माझ्या माथी आहे, ते मी वर जाऊन फेडीन. तिथेही तुझं नाव सांगणार आहे.

तान्ह्या पोळ्याला पोरं आपापले नंदी घेऊन तोरणाखाली उभी राहिली. मी वापिटीच्या नाकात लाल वेसण ओवली, गाठ मारली, आणि पांढऱ्या कपाळाने भर रस्त्यातून ओढत नेलं. चाकं अशी फिरली की खडखड म्हणून नाही. कोणी हसलं नाही. नंदीवाल्या पोरांना बोजाऱ्याचे पैसे देता देता गोमाजी माझ्यापुढे आले, विमानासमोर एक नारळ ठेवला आणि "जागेश्वरभाऊ" एवढंच म्हणाले. मग मी रडले. तोवर रडले नव्हते.

विमान तुझंच आहे. मेलेल्या माणसाचा शब्द मी मोडणार नाही. पण पार्सल करणार नाही आणि कोणाच्या हातीही पाठवणार नाही. ते मारुतीच्या देवळाच्या मंडपात उघड्यावर ठेवलं आहे, काच नाही, कुलूप नाही, पोरं येता-जाता पंख कुरवाळतात. ऑक्टोबरच्या प्रदर्शनात वापिटी मांडीन असा शब्द तू तुझ्या साहेबांना दिला आहेस ना? मग ये. फाट्यावर उतर, बाजारातून चालत ये, गोमाजींच्या दारावरून ये, मंडपात बसलेल्यांना सांग की मी जागेश्वरचा भाऊ, विमान न्यायला आलो. तार मिळाली नव्हती, असंही सांगून बघ. कोण विश्वास ठेवतं ते मलाही बघायचं आहे.

एक राहिलं. मयतीच्या पत्राचा कोपरा फाडतात, म्हणजे घेणारा ते घरात नेत नाही, दाराबाहेर वाचतो आणि फाडून टाकतो. मी कोपरा फाडला नाही. वर श्री लिहिलं, गाईगुरांचं लिहिलं. तू हे घरात, खुर्चीवर बसून वाचलं असशील. बायको शेजारी असेल, समोर काचेच्या कपाटात ह्यांची विमानं असतील.

आता ऊठ आणि अंगावर पाणी घे. तोवर कशाला हात लावू नको.

तुझी वहिनी,
गं. भा. रुखमिणी