रेषेवर उभा राहा

१२ जानेवारी १९५८, रविवार

पास! फुटबॉल रेफ्रीच्या लेखी परीक्षेत सतराजणांत तिसरा, आणि वयानं सगळ्यांत लहान. आता तीन सामने शिट्टी वाजवायची, कमिटी बघणार, मग बिल्ला.

रंगनाथकाकांनी स्वतःची शिट्टी दिली. काका इथल्या, हिंदी मुलखातल्या छावणीत सुभेदार, बाबांचे साताऱ्याचे शाळासोबती. मला या नादाला लावलं त्यांनीच. म्हणाले, "चेंडूकडे सगळं गाव बघतं. तू पाय बघ. आणि खोटं बोललास त्या दिवशी शिट्टी ठेवून द्यायची."

आईचं आपलं वेगळंच — "स्वतःला लाथ मारता येत नाही, म्हणून लोकांच्या लाथा मोजायला निघाला."

१९ जानेवारी

पहिला सामना पार. एकानं आईवरून शिवी दिली. लाइनवर झेंडा घेऊन काका होते. म्हणाले, "शिवी दिली म्हणजे रेफ्री मानलं."

९ फेब्रुवारी

दुसराही पार. तिसरा मात्र सेमीफायनल, चौगानवर, शहरातल्या मोठ्या मैदानात. एका संघाचा गोलकीपर आपला नीलकंठ, माझा लहानपणापासूनचा मित्र, आमच्यासारखाच मराठी घरचा! काकांना विचारलं, चालेल का? "नातं आहे? नाही ना? मग मैदानात तो नुसता एक नंबरचा खेळाडू."

१६ फेब्रुवारी

आठवडाभर सायकलवरून दोन्ही संघांचा सराव बघून आलो. पायच बघत होतो. समोरच्या संघातला भंवरसिंह पेनल्टी कायम गोलकीपरच्या डावीकडे मारतो. अकरा मारल्या, अकराही डावीकडे. पाय बोलतात हे खरं.

२३ फेब्रुवारी



नीलकंठचा संघ एका गोलनं पुढे. शेवटची दोन मिनिटं. त्यांच्याच खेळाडूच्या हाताला चेंडू लागला, गोलच्या अगदी पुढ्यात. मी पेनल्टी दिली — मित्राच्या विरुद्ध, क्षणभरही न थांबता. भंवरसिंह मारणार. नीलकंठ घाबरून पुढे सरकत होता. मी जवळ जाऊन म्हणालो, "रेषेवर उभा राहा." मागे आलो, शिट्टी दिली. नीलकंठनं झेप घेऊन चेंडू धरला.

सामना संपला आणि भंवरसिंहाच्या लोकांनी मला घेरलं. "दोनों मराठे हैं! अपनी बोली में साँठगाँठ की है!"

मराठीत बोललो ही चूक. पण नीलकंठशी मी जन्मात कधी हिंदीत बोललो नाही, तोंडात मराठीच आली. असो. काका गोलरेषेवरच झेंडा घेऊन उभे होते, वीस पावलांवर. ते सांगतील.

१ मार्च

कमिटी बसली. सेक्रेटरी काकांना म्हणाले, "सूबेदार साहब, आप तो इनकी ज़बान समझते हैं। लड़के ने क्या कहा था?"

काका म्हणाले, "मैंने सुना नहीं।"

पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

ऐकलं नाही? परेडवर शंभर जवानांतला एक कुजबुजला तरी यांना ऐकू येतं! तीन शब्द सांगायचे होते, तीन. सामना पुन्हा होणार. बिल्ला नाही. या वर्षी शिट्टीही नाही. पुढल्या वर्षी नव्यानं अर्ज करा म्हणे.

घरी येताना काका सायकल हातात धरून माझ्या मागून चालत होते. मी थांबलो नाही.

२ मार्च

यानंच बोटाला धरून शिकवलं आणि यानंच केसानं गळा कापला.

६ मार्च

धुळवड. काका दरवर्षीसारखे गुलाल घेऊन आले. मी खाली उतरलो नाही. शिट्टी पाकिटात घालून आईच्या हाती पाठवली. वरून बघितलं — पाकीट खिशात ठेवलं आणि बाबांबरोबर थंडाई प्यायला बसले! भंवरसिंहाचे वडील म्हणजे बडं प्रस्थ आहे म्हणतात. सुभेदाराला भीती वाटली असेल. भित्रा म्हणायलाही मला लाज वाटत नाही आता.

१० मार्च

बाबा म्हणाले, "रंग्या खोटं बोलणाऱ्यातला नाही." मी म्हटलं, मग बहिरा असेल. थप्पड खाल्ली. सतराव्या वर्षी.

१३ मार्च

गल्ली रिकामी, सगळे चाकसूच्या देवीच्या जत्रेला. नीलकंठ आला. सामन्यापासून तोंड चुकवत होता. मग म्हणाला, "उमाकांत, काकांवर राग धरू नकोस. मतलब, त्यांनी काय सांगायला हवं होतं?"

"मी म्हणालो तेच. रेषेवर उभा राहा."

त्यानं विचारलं, "आणि पुढचं?"

१४ मार्च

आठवलं. "रेषेवर उभा राहा" म्हणालो, मागे वळलो, आणि वळता वळता तोंडातून गेलं — "डावीकडे येईल."

काका वीस पावलांवर होते.