नाना, तुम्ही कुठे तोंड करून उभे होतात?

माझे नाना,

आज अमळनेरच्या कोर्टात जबाब देऊन दुपारच्या एसटीने धुळ्याला परत आले. तुमच्या जावयांनी चहा करून दिला आणि ते बाहेर गेले. खिडक्या लावून बसले आहे. बोलायचं तर कुणाशी? ज्याच्याशी बोलते तो माझं बोलणं कुठेतरी पोचवतो. तुम्ही तेवढे नाही पोचवणार.

त्या दिवशी वांग्याच्या भरताची इच्छा तुम्हालाच झाली होती. मी अमळनेरला माहेरी आले होते, तर पिशवी घेऊन माझ्याबरोबर बाजारात निघालात. मी वांगी निवडायला वाकले. तुम्ही मागून म्हणालात, "पोरी, कवळा वांगा ले." मी वर न बघताच हो म्हटलं. का नाही बघितलं वर?

मग फटाक्यासारखा आवाज झाला. मान वर केली, तर एक तरुण माणूस तुमच्या शेजारून पळत गेला आणि भांड्यांच्या दुकानाशेजारच्या बोळात शिरला. तो दिसेनासा झाला आणि दुसरा आवाज झाला. तुम्ही खाली बसलात. मला वाटलं, घाबरून बसलात. तुमच्या सदऱ्याला हात लावला तेव्हा कळलं.

बाहेरच्या जिल्ह्यातलं पोलिसांचं एक पथक साध्या कपड्यांत त्या फरार माणसाच्या मागावर आलं होतं, हे आम्हाला नंतर समजलं. पथक म्हणतं, त्यानेच पळता पळता वळून गावठी कट्ट्यातून गोळी झाडली. गाव म्हणतं, गोळी पोलिसांची. गोळी तुमच्या छातीतून शिरून पाठीतून गेली, एवढं डॉक्टरांनी लिहिलं. गोळी मात्र कुणाला सापडली नाही. म्हणून तुम्ही कुठे तोंड करून उभे होतात, त्या बोळाकडे की पथक येत होतं त्या बाजूला, यावर सगळं अडलं आहे.

समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात तुम्ही आहात, पण ताडपत्रीमुळे कमरेखालीच; छाती कुणीकडे वळली होती ते दिसत नाही. ती चित्रफीत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरते. तुमच्या चपलांभोवती कुणीतरी लाल गोल काढले आहेत, बाण दाखवले आहेत. टीव्हीवर एकजण सांगत होता की आवाज झाला की माणूस आवाजाच्या दिशेने वळतोच. माझे नाना नाही हो वळायचे! तेलाच्या मिलमध्ये तुमचा उजवा कान गेला तो गेलाच. मी स्वयंपाकाच्या ओट्याजवळून हाक मारली की तुम्ही दाराकडे बघायचात. आई किती हसायची. हे त्या टीव्हीवाल्याला कोण सांगणार?

तपासाला आलेल्या साहेबांना मी पाहिलं तेवढं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. त्यात तो माणूस मागे वळला होता. मी म्हटलं, "साहेब, तो वळला नाही." ते म्हणाले, "ताई, तुम्ही घाबरलेल्या होतात." मी सही करणार नाही म्हटलं, तर ते शांतपणे म्हणाले की या जबाबावर सही लागतच नाही. म्हणजे माझं म्हणून जे कागदावर आहे ते माझं नाही, आणि ते नाकारायला माझ्याकडे साधी सहीसुद्धा नाही.

दुसऱ्या बाजूचे लोकही आले. तुमचा फोटो मोठा करून मोर्चा काढला, मला पुढे चालवलं. भाषणात सांगितलं की या लेकीने पोलिसाच्या हातातली बंदूक पाहिली. मी कधी पाहिली? माझ्या "ठाऊक नाही"ला कुणी जागाच देत नाही, नाना. भाजी घ्यायला गेले तर बायका बोलता बोलता गप्प होतात.

आणि आपला प्रकाश. धाकटा भाऊ, त्याच्यावर काय रागावू? त्याची मयुरी पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे मैदानावर तिला तुम्हीच न्यायचात, ती पळेपर्यंत तिचं जर्किन सांभाळत उभे राहायचात. प्रकाशला भीती की आत्याच्या जबाबामुळे पोरीचं नाव खराब होईल. कोर्टात जाऊ नको, असं सांगायला तो धुळ्यापर्यंत आला. दारात चपलाही न काढता म्हणाला, "नाना ग्यात, अक्का. पोर ते शे ना आजून?"

पोर तर आहेच की अजून. तुम्ही काय म्हटलं असतं? तुम्हालाही पोर जास्त प्रिय होती, हे मला माहीत आहे.

तरी आज गेले. न्यायाधीशबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि सावकाश विचारलं. बंदूक पाहिली का? नाही. पळणारा मागे वळला का? नाही, बोळात शिरेपर्यंत मी त्याच्याकडेच बघत होते, आणि दुसरा आवाज तो दिसेनासा झाल्यावर झाला. वडील कुठे तोंड करून उभे होते? ठाऊक नाही. या वेळी मी वाचून सही केली.

बाहेर मोर्चावाल्यांपैकी एकजण वाट बघत होता. मी काय सांगितलं ते माझ्याकडून ऐकून चिडला. म्हणाला, बंदूक पाहिली म्हणायला काय झालं होतं? साहेब माझ्याकडे न बघता जीपमध्ये बसले. प्रकाश आलाच नाही. त्याच्या घरी गेले, तर दार आतून लावलेलं. दोनदा कडी वाजवली आणि परत फिरले.

स्टँडवर मयुरी आली, बापाला न सांगता. तुम्ही गेल्यापासून ती मैदानावर गेलेली नाही. शेजारी बसली. गाडी लागल्यावर म्हणाली, "आत्या, मी पोलीस झाले, तर असे जबाब मलाच लिहायला लागतील ना?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीत चढले. खिडकीतून बघितलं, तर ती तिथेच उभी होती.

नाना, हे इतक्यात संपायचं नाही. पुन्हा बोलावतील, उलटसुलट विचारतील. मी पाहिलं तेवढंच सांगेन, कुणासाठी त्यात एक शब्द घालणार नाही की काढणार नाही. आणि प्रकाशने दार उघडलं नाही, तरी मी त्या दाराशी जात राहीन. मयुरीला उत्तर द्यायचं राहिलं आहे.

तुमची लेक,
रेखा