नंदूच्या खुर्चीसाठी गाडी

बुध. ५ नोव्हें. ८६
आज नंदू हातातून सुटली. पणजीहून डॉक्टरांकडून येताना, साखळी गावात बसमधून उतरत होतो. मी शेवटच्या पायरीवर, ती कडेवर, आणि ड्रायव्हरने गाडी हलवली. माझं ढोपर आधी आपटलं म्हणून तिचं डोकं वाचलं. ती ओरडलीसुद्धा नाही. घाबरली की तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढून घट्ट होतात, तसे झाले. मला सोडवता येईनात.
कंडक्टर वाकून म्हणाला, "बाये, हिका आता घराकच दवर गो." घरीच ठेव म्हणाला, पण वाईट मनाने नव्हता बोलला.
नऊ वर्षांची झाली. जन्मली तेव्हा रडली नाही, तेव्हापासून हातपाय असे ताठ. समजतं मात्र सगळं. पुढच्या वेळी माझं ढोपर आधी टेकलं नाही तर...

बुध. १२ नोव्हें.
गेलो नाही. बस आली, थांबली, गेली. मी नं.ला घेऊन स्टॉपवर बसून राहिले.
डॉक्टर म्हणाले होते, दर बुधवारचे पणजीतले व्यायाम चुकले तर शिरा आखडतील, खुबा सरकेल. घरी कळवलं नाही की गेलो नाही. संध्याकाळी नं.नेच सांगून टाकलं, "आई... भिली."
हे खाणीवरून आले होते, अंगावर लाल धूळ तशीच. बसमध्ये न चढणारी नं.ची चाकांची खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "खुर्चेसकट भितर जायत अशी गाडी होयी." हे खाणीवर चालवतात त्या टिपर ट्रकची केबिन डोक्याएवढी उंच. टॅक्सीवाले खुर्ची बघून मान हलवतात.

रवि. २३ नोव्हें.
पेडण्याला एक पदेर बेकरी बंद करून आखातात चाललाय, त्याची पाव पोचवायची व्हॅन हे बघून आले. घेतली. बुटकी आहे, मागचं दार पूर्ण उघडतं. आत अजून पावाचा वास. पत्रा एका कोपऱ्यात इतका गंजलाय की खालचा रस्ता दिसतो. मी म्हटलं, खुर्ची इथून खाली गेली तर? हे म्हणाले, "पत्रो मारतलंय मा!" रागावले माझ्यावर. त्यांनाही भीती वाटते, तेव्हाच असे बोलतात.

बुध. ३ डिसें.
पहिली खेप. फळीवरून खुर्ची चढवली, चाकांना साखळ्या आणि आकडे लावले. मी मागे तिच्याजवळ, पूर्ण वेळ खुर्चीचा दांडा धरून. पणजीचा पूल पडल्यापासून बेतीला नदीवर फेरीबोटीची रांग. फेरीत चढताना गाडी मागे कलली, साखळी कट्‌कन ताणली गेली. मी डोळे मिटले. नं. हसत होती! तिला वाटलं पाळणा.

शुक्र. १९ डिसें.
हॉस्पिटलच्या बाकावर बसले आहे. लिहिते तरी.
सकाळी पेज भरवताना नं.ला ठसका लागला, घास छातीत गेला. ओठ निळसर. राजभाषा मराठी की कोंकणी, यावरून दोन्हीकडच्यांनी रस्ते अडवलेले, बस नाही काही नाही. हे घरी होते हे नशीब. निघालो म्हापशाला.
डिचोलीच्या अलीकडे दगड रचलेले. आपलीच मराठीवाली पोरं, दोघं यांच्या ओळखीचे. मला वाटलं सोडतील. "आज कोणाचीच गाडी नाय, काका." हे हात जोडत होते. मी मागचं दार लाथेने उघडलं. पोरांनी नं.कडे बघितलं आणि दगड ओढले.
अस्नोड्याच्या पुढे आडवं झाड. इथली पोरं कोंकणीवाली. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही बोलू नका, तुमच्या बोलण्यावरून कळेल आपण मराठीवाले. एकजण मागे आला, हातात कोयता, पोरीकडे बघत. "चेडवाक किदें जालें?"
"दम लागता," मी म्हटलं.
कुठल्या भाषेत म्हटलं मलाच कळलं नाही. त्यालाही नसेल कळलं. त्यांनी झाड उचललं नाही, फांद्या तोडून एक बाजू मोकळी केली. तेवढा वेळ मी नं.ची छाती बघत होते, हलते की नाही.

शुक्र. २६ डिसें.
घरी आणली. बारीक झाली आहे. डॉक्टरांनी सांगितलं, आणखी उशीर झाला असता तर वाचली नसती.

रवि. ८ फेब्रु. ८७
यांना कंपनीने वास्कोच्या धक्क्यावर पाठवलंय. शनिवारी रात्री येणार, सोमवारी पहाटे जाणार. "तू शीक. मी नाय तेव्हा तिका कोण नेतलो?" शिकाऊ लायसन झालंय. सासूबाई म्हणाल्या, आपल्या लाटंबार्शात बाई गाडी चालवताना कोणी पाह्यली नाही. मग म्हणाल्या, पाहतील.
आज काजूच्या झाडांमधल्या वाटेवर दोनदा बंद पाडली.

मंगळ. २४ फेब्रु.
दोन आठवडे व्यायाम चुकलेत. डावा पाय काल सरळ होईना, ती रडली. उद्या जायलाच हवं. शेजारचे भिकूदादा जवळ बसणार आहेत. त्यांना लायसन आहे, पण गुडघे गेल्यापासून चालवत नाहीत. मागे नं.जवळ सासूबाई.
फेरीबोटीचं भय नाही एवढं. भय साखळी गावापर्यंतच्या टिपरांचं. ते वळणावर हॉर्न देत नाहीत, हे मला यांच्याकडूनच माहीत. आज सरावात एकाने इतका जवळून कट मारला की स्टिअरिंग सोडून मी कान झाकले. भिकूदादांनी ओढून धरलं.
नं.ला निजवताना तिने विचारलं, "उद्या... तू?"
हो म्हटलं.
तिने माझं बोट धरलं. तिची मूठ लवकर सुटत नाही. मी तशीच बसून होते, बाहेर भरलेले टिपर जात होते, एकामागून एक.