केळ्यात कालवलेला कूट

आई, तू जाऊन आठ वर्षं झाली, आणि तुझी नात आता रोज सकाळी शेंगदाणे खाते. माझ्याच हातून. दचकू नकोस, डॉक्टरांनीच सांगितलंय. दाण्याचा कूट, चिमटीहूनही कमी, काट्यावर तोलून केळ्यात कालवून द्यायचा, आणि दर दोन आठवड्यांनी दवाखान्यात त्यांच्यासमोर वाढवायचा. ॲलर्जी जाईलच असं नाही, पण चुकून दाणा पोटात गेला तर जीव वाचावा, एवढ्यासाठी हा खटाटोप. मग दोन तास तिनं पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, आणि मी इंजेक्शन हाताशी ठेवून तिच्या ओठांकडे बघत बसते. नवीन पनवेलच्या या दोन खोल्यांत आम्ही दोघी एकमेकींच्या कैदेत आहोत. सोडावं तर केलेलं सगळं पाण्यात, चालू ठेवावं तर रोज तिच्या जिवाची धास्ती.

तू गावाहून, करंज्याहून, आली होतीस तो दिवस डोळ्यांसमोरून हलत नाही. ती दोन वर्षांची. मी दाणे नको नको म्हणून बजावलेलं, आणि माझी पाठ वळताच तू तिला मांडीवर घेऊन साबुदाण्याची खिचडी भरवतेयस, कूट घातलेली. पाच मिनिटांत तिचं तोंड सुजलं, श्वास घरघरायला लागला. रिक्षात तू एकच घोकत होतीस, “नाय गो, येवढ्याशानं काय व्हतंय, असा वाटला मना.” दवाखान्याच्या पायरीवर, चारचौघांत, मी तुझ्यावर ओरडले, “माझ्या लेकीला मारायला आलीस काय? पुन्हा माझ्या घरात पाऊल टाकू नकोस!” तू खरंच टाकलं नाहीस. कुणाकुणाबरोबर सुकट पाठवायचीस, वर निरोप, नव्या भांड्यात भाजलीय, दाण्याचा हात लागला नाय. वर्षाच्या आत तू गेलीस.

या सोमवारी ती केळ्याची वाटी ढकलून म्हणाली, “तू मला रोज विष का देतेस? तूच खा ना.” मी खाल्लं. चार दिवस मीच खातेय आणि डॉक्टरांना दाखवायच्या वहीत ‘दिला’ म्हणून खूण करतेय. ती घरभर नाचते, आणि मला काय बरं वाटतं म्हणून सांगू! पण उद्या माप वाढवायचंय. डॉक्टर वही बघूनच वाढवणार, आणि मध्ये खंड पडला असेल तर वाढवणं जिवावर बेतू शकतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. अगं बाई, काय करून बसले मी!

आत्ताच चारही खुणा खोडल्या, शेजारी लिहिलं, दिला नाही. उद्या ते बोलतील ते ऐकून घेईन. वहीचं हे तुला लिहिलेलं शेवटचं पान मात्र फाडून घेतेय, ते त्यांच्यासाठी नाही, आणि तुझ्यापर्यंत तर पोचायचंच नाही. चार दिवसांनी एवढं काय होतंय, असं मलाही वाटलं होतं, आई.