पंपाची जाळी

बोटीवरून, हॉक्सबरी नदी, ऑस्ट्रेलिया

प्रिय सुनेत्रा,

तुझ्या आईंना आता काठीशिवाय चालता येतं का? त्या बऱ्या होईपर्यंत पुण्यातच राहा, घाई करू नकोस. मी ठणठणीत आहे.

बोटीत आंघोळीची सोय नाही म्हणून तू नाक मुरडलं होतंस, तर काल शॉवर बसवला. बोट इतकी अरुंद की काचेचं दार उघडायलाही जागा नाही, म्हणून पडदाच लावला. टाकी लहान, म्हणून हातात धरायचा शॉवर घेतला. तरी तुझं समाधान व्हायचं नाही, म्हणून पेंडल हिलच्या देशी दुकानातून बादली आणि प्लास्टिकचा मग आणून ठेवलाय.

शेजारच्या बोटीवरचा ग्रेग म्हणतो, दोन मिनिटांत आंघोळ उरकायची, मेट. तुला किती वेळ लागतो ते मी त्याला सांगितलं नाही.

मोरी नदीच्या पातळीखाली येते, त्यामुळे सांडपाणी पंपाने उपसावं लागतं. त्यात लांब केस अडकतात, म्हणून मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवली. ग्रेगने माझ्या टकलाकडे बघून विचारलं, जाळी कोणासाठी?

म्हटलं, बायको येणार आहे.

कधी, म्हणाला. मी त्याला पंप सुरू करून दाखवला.

तुझाच,
हृषिकेश